रिले ओढतो पण सोडत नाही: सिंबॉल आणि फुटप्रिंटमधल्या आकड्यांचं एक प्रकरण

ठिबकच्या मोटरसाठी बनवलेला एक टायमर-कंट्रोलर. नाशिक जिल्ह्यातल्या एका छोट्या वर्कशॉपने त्याची पहिली खेप तयार केली होती. आत एटीमेगा३२८ मायक्रोकंट्रोलर, वेळ राखणारी एक चिप, काही बटणं आणि शेवटी १२ व्होल्टचा रिले. रिलेचे कॉन्टॅक्ट मोटरच्या स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरची कॉइल चालवतात. मायक्रोकंट्रोलरच्या पिनला रिले थेट झेपत नाही, म्हणून मध्ये एक एनपीएन ट्रान्झिस्टर. बेसला १ किलोओहमचा रेझिस्टर, एमिटर ग्राउंडला, कलेक्टर रिलेच्या कॉइलला, आणि कॉइलला समांतर एक उलटा डायोड. इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा जवळपास प्रत्येक जण सुरुवातीलाच हे सर्किट जोडून बघतो. ब्रेडबोर्डवर ते नीट चालत होतं. छापील बोर्डवर आलं आणि मोटर बंद होईना.

तक्रार शेतातून आली. वेळ संपली, डिस्प्लेवर ‘बंद’ आलं, मोटर मात्र चालूच. शेतकऱ्याने कंट्रोलरचा पुरवठा काढला तेव्हा कुठे ती थांबली. विहिरीत पाणी होतं म्हणून निभावलं. पाणी तळाला गेलं असतं तर मोटर कोरडी फिरून जळाली असती, आणि ऐन हंगामात मोटर भरायला टाकणं म्हणजे काय ते शेती करणाऱ्या घरांना ठाऊक आहे. म्हणून हे प्रकरण किरकोळ म्हणून सोडून देण्यासारखं नव्हतं.

वर्कशॉपमध्ये पहिला संशय प्रोग्रॅमवर गेला. तो तपासला गेला, पिन वेळेवर शून्यावर येत होती. दुसरा संशय रिलेवर. स्वस्त रिलेचे कॉन्टॅक्ट ठिणगीने चिकटतात, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. दुसऱ्या दुकानातून दुसऱ्या बनावटीचे रिले आणून लावले. तेही सोडेनात. त्यातच खेपेतल्या काही बोर्डांवर रिले ओढतच नव्हता, नुसती बारीक घरघर यायची. एकाच डिझाइनचे, एकाच दिवशी सोल्डर केलेले बोर्ड दोन तऱ्हेने वागतात, तेव्हा लोक साहजिकच सुट्या भागांना दोष देतात. खेप माझ्यापर्यंत आली ती या टप्प्यावर.

बोर्ड टेबलावर घेतला तेव्हा सगळ्यात आधी डोळ्यांत भरला तो रिलेशेजारचा लाल एलईडी. तो कॉइलला समांतर होता, ४.७ किलोओहममधून. रिले चालू असताना तो ठळक पेटायचा, हे बरोबर. पण बंदचा आदेश दिल्यावर तो विझत नव्हता, मंद होत होता. उजेडात दिसणार नाही इतका मंद. हाताची सावली धरली की दिसायचा. म्हणजे कॉइलवर अजून व्होल्टेज होतं. मल्टिमीटर लावला तर कॉइलवर साडेतीन व्होल्टच्या आसपास, आणि उरलेले साडेआठ ट्रान्झिस्टरवर.

साडेतीन व्होल्ट हा आकडा महत्त्वाचा आहे. या जातीच्या १२ व्होल्टच्या रिलेची कॉइल ४०० ओहमची असते, पूर्ण व्होल्टेजला ३० मिलिअँपियर घेते. तो ओढायला जास्तीत जास्त ७५ टक्के व्होल्टेज लागतं, म्हणजे ९ व्होल्ट. सोडण्याची हमी मात्र १० टक्क्यांवर, म्हणजे १.२ व्होल्टवर असते. लोखंडी पट्टी एकदा चिकटली की तिला धरून ठेवायला फार कमी चुंबकत्व पुरतं. साडेतीन व्होल्ट ओढायला पुरत नाहीत, पण धरून ठेवायला भरपूर आहेत. शेतात जे घडलं ते तंतोतंत हेच. पुरवठा दिल्यावर रिले सुटलेला असायचा, चालू केला की ओढायचा, बंद केला की तसाच धरून राहायचा.

मग प्रश्न उरला, बंद असलेल्या ट्रान्झिस्टरवर साडेआठ व्होल्ट का? बंद ट्रान्झिस्टरवर पूर्ण १२ व्होल्ट दिसायला हवेत. मायक्रोकंट्रोलरची पिन मोजली, शून्य. रेझिस्टरच्या पलीकडे, बेसवर मोजलं, तर ०.६५ व्होल्ट. पिन शून्यावर आणि बेस ०.६५ वर, म्हणजे करंट बेसमधून बाहेर, पिनकडे वाहत होता. एनपीएन ट्रान्झिस्टरच्या बेसमधून करंट बाहेर येतो तेव्हा तो आत कुठून तरी शिरलेला असतो, आणि इथे शिरायला जागा एकच होती, रिलेला जोडलेला पाय.

ट्रान्झिस्टर बीसी५४७ होता. बोर्डवरून एक काढला, मल्टिमीटरच्या एचएफई सॉकेटमध्ये (ते गेन मोजतं, म्हणजे बेसच्या करंटच्या किती पट करंट वाहतो ते) उत्पादकाच्या डेटाशीटप्रमाणे घातला. वाचन दोनशेच्या वर, ठणठणीत. मग बोर्डवर जसा बसला होता त्या क्रमाने घातला, म्हणजे कलेक्टर आणि एमिटर अदलाबदल करून. वाचन एक आकडी. ट्रान्झिस्टर चांगला होता. बोर्डवर तो उलटा जोडला गेला होता, आणि तोही सोल्डर करणाऱ्याने नाही. त्याने सिल्कस्क्रीनवरच्या, म्हणजे बोर्डवर छापलेल्या चित्रातल्या, सपाट बाजूप्रमाणे सपाट बाजू अचूक ठेवली होती. उलटी होती ती तांब्याची जोडणी.

डिझाइन केलेली मुलगी फाइल घेऊन समोर बसली होती. ती म्हणाली, “सर, ईआरसी शून्य, डीआरसी शून्य. नेट तपासल्या, एकही सुटलेली नाही. मग चूक शिरली कुठून?” (ईआरसी आणि डीआरसी म्हणजे सॉफ्टवेअरने स्वतः केलेल्या सर्किटच्या आकृतीच्या आणि बोर्डच्या तपासण्या; नेट म्हणजे एकमेकांना जोडलेल्या पिनांचा गट.) तिचा प्रश्न अगदी रास्त होता, आणि या प्रकरणाचा गाभा त्याच्या उत्तरात आहे.

स्केमॅटिकमधला, म्हणजे सर्किटच्या आकृतीतला, सिंबॉल आणि बोर्डवरचा फुटप्रिंट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ट्रान्झिस्टरच्या सिंबॉलला बाण असतो, बेस-कलेक्टर-एमिटर अशी नावं असतात. त्या चित्रावरून सर्किट कसं चालतं ते माणसाला कळतं. फुटप्रिंटला यातलं काहीच नसतं. तिथे फक्त पॅड असतात, त्यांची जागा, भोकाचा व्यास आणि प्रत्येकाचा नंबर. कायकॅड या बोर्ड डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, ज्याची सुरुवात १९९२ मध्ये ग्रेनोबलच्या जाँ-पिएर शारास यांनी केली, या दोघांना जोडणारा दुवा एकच आहे. सिंबॉलच्या पिनला जो नंबर, तोच नंबर असलेला पॅड शोधायचा आणि त्याला ती नेट द्यायची. पिनचं नाव ‘सी’ असो की ‘कलेक्टर’, जोडणीत त्याला स्थान नाही. नेटलिस्टमध्ये ओळ जाते ती अशा अर्थाची: क्यू१ चा ३ नंबर रिलेच्या नेटवर. बस्स. ३ नंबरचा पाय दुकानातून आणलेल्या काळ्या ट्रान्झिस्टरमध्ये कलेक्टर आहे की एमिटर, हे सॉफ्टवेअरला कळण्याची सोयच नाही, कारण तो ट्रान्झिस्टर फाइलमध्ये कुठे नाहीच.

ईआरसी स्केमॅटिकचे नियम बघतं. डीआरसी तांब्यातली अंतरं, तुटलेल्या आणि भिडलेल्या जोडण्या बघतं. दोन्ही आपलं काम चोख करत होते. पिन आणि पॅड यांचे नंबर जुळत होते, त्यामुळे दोघांनाही तक्रारीला जागा नव्हती.

आता या फाइलमध्ये नेमकं काय झालं ते. मूळ सर्किट २एन३९०४ वर काढलं होतं. त्यासाठी तिने सामान्य एनपीएन सिंबॉलांमधला ‘ईबीसी’ शेपटीचा घेतला होता, म्हणजे १ एमिटर, २ बेस, ३ कलेक्टर. तो निर्णय पूर्ण बरोबर होता. २एन३९०४ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून तोच क्रम येतो. लायब्ररीत असे सिंबॉल वेगवेगळ्या शेपट्यांचे दिलेले असतात, कारण तीन पायांचे क्रम सहा होतात आणि बाजारात एकाहून जास्त क्रम खरोखर मिळतात.

पुढे भाग आणायला कोणी पुण्याला तपकीर गल्लीत गेलं. तिथे बीसी५४७ लगेच मिळाला, स्वस्त आणि हवा तेवढा. विजेच्या दृष्टीने बदल निर्धोक होता. ३० मिलिअँपियरला दोन्ही पुरतात, व्होल्टेजही बसतं, पॅकेज दोघांचं टीओ-९२. म्हणून स्केमॅटिकमध्ये क्यू१ वर क्लिक करून ‘व्हॅल्यू’च्या रकान्यात २एन३९०४ खोडून बीसी५४७ लिहिलं गेलं. बीओएममध्ये, म्हणजे भागांच्या यादीत, नवं नाव आलं, कागदावरच्या छपाईत नवं नाव आलं. पण व्हॅल्यू हा रकाना निव्वळ मजकूर आहे. तो बदलल्याने सिंबॉल बदलत नाही. नावाखाली बसलेला सिंबॉल ‘ईबीसी’च राहिला. आणि बीसी५४७ चा क्रम त्याच धरणुकीत डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा आहे.

हा फरक ऐतिहासिक आहे. ‘२एन’ ही अमेरिकेतल्या जेडेकची नोंदणी, ‘बीसी’ ही युरोपातल्या प्रो इलेक्ट्रॉनची. त्यात ‘बी’ म्हणजे सिलिकॉन आणि ‘सी’ म्हणजे कमी शक्तीचा ऑडिओ ट्रान्झिस्टर. टीओ-९२ हे नाव फक्त प्लास्टिकच्या आकाराचं आहे. आतल्या चकतीचा कुठला भाग कुठल्या पायाला जोडायचा, हे ते नाव ठरवत नाही. ऑन सेमीकंडक्टरच्या डेटाशीटमध्ये तर याच एका केसखाली ‘स्टाइल’ असे नंबर दिलेले दिसतात. २एन३९०४ ला स्टाइल १, बीसी५४७ ला स्टाइल १७. त्याहून फसवी जोडी पीएन२२२२ए आणि पी२एन२२२२ए यांची आहे. नावात एका आकड्याचा फेर, आणि एकाचा क्रम ईबीसी तर दुसऱ्याचा सीबीई.

मग उलटा जोडलेला ट्रान्झिस्टर अर्धामुर्धा तरी चालला कसा? एनपीएनचे थर दोन्ही टोकांनी एनच असतात, त्यामुळे उलट्या दिशेनेही तो ट्रान्झिस्टरासारखा वागतो, फक्त फार दुबळा. गेन दोनशे-तीनशेऐवजी पाच-दहाच्या घरात येतो. पाच व्होल्टच्या पिनमधून १ किलोओहममार्फत बेसला चार मिलिअँपियर मिळत होते. रिले ओढायच्या ९ व्होल्टला कॉइल आणि एलईडी मिळून २४ मिलिअँपियर लागतात, म्हणजे उलटा गेन सहाच्या वर हवा. हा उलटा गेन कोणी उत्पादक तपासून विकत नाही, कारण तो कोणाला लागतच नाही. त्यामुळे प्रत्येक नगात तो वेगळा. ज्या नगांत तो सहाच्या वर होता ते बोर्ड ओढत होते, ज्यांत खाली होता ते घरघरत होते. एकाच खेपेतल्या दोन वागणुकींचं कारण इतकंच.

सोडण्याचं कोडंही इथेच सुटतं. बीसी५४७ च्या एमिटर-बेस जंक्शनला उलट्या दिशेने ६ व्होल्टची मर्यादा आहे. प्रत्यक्षात ते त्याहून थोडं वर, सात ते नऊच्या दरम्यान फुटतं. इथे एमिटर रिलेमार्फत १२ व्होल्टला टांगलेला. पिन शून्यावर आली की जंक्शन फुटायचं, करंट एमिटरमधून बेसमध्ये आणि तिथून काही पिनकडे, बाकीचा कलेक्टरमार्फत ग्राउंडला. ट्रान्झिस्टरवर साडेआठ व्होल्ट अडकून राहायचे आणि कॉइलच्या वाट्याला साडेतीन. बेसवरचे ०.६५ व्होल्ट तेच सांगत होते. ब्रेडबोर्डवर यातलं काही दिसलं नाही, कारण तिथे पाय ओळखून हाताने लावले होते. तिथे फुटप्रिंटचा संबंधच येत नव्हता.

आणि वर्कशॉपच्या चाचणीत का सापडलं नाही? प्रत्येक बोर्डला पुरवठा द्यायचा, बटण दाबायचं, ‘टक’ ऐकायचं, पुरवठा काढायचा, पुढचा बोर्ड. पुरवठा काढल्यावर रिले सुटतोच, आणि सुटल्याचा ‘टक’ही ऐकू येतो. न ओढणारे बोर्ड बाजूला काढले गेले आणि त्यांना नवे रिले लागले. ओढणारे पास झाले. बंदचा आदेश देऊन रिले सोडतो का, ही पायरी चाचणीत नव्हती. कुठलंही स्विचिंग सर्किट तपासताना ती असलीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. सुरक्षेच्या दृष्टीने मोटर चालू न होणं परवडतं, बंद न होणं परवडत नाही.

दुरुस्ती दोन पातळ्यांवर झाली. हातातल्या खेपेसाठी सोपा मार्ग होता. बेस मधला पाय आहे आणि अदलाबदल फक्त टोकांच्या दोन पायांची, त्यामुळे टीओ-९२ जागच्या जागी अर्धा फिरवला की जोडणी बरोबर होते. पण काढलेले जुने ट्रान्झिस्टर परत लावू नका, असं मी आग्रहाने सांगितलं. एमिटर-बेस जंक्शन वारंवार फुटू दिलं की सरळ दिशेचा गेनही हळूहळू घसरतो. आज मीटरवर दोनशे दाखवणारा नग वर्षभराने काय दाखवेल ते सांगता येत नाही, आणि नवा एक-दोन रुपयांना मिळतो. नवे लावले, उलटे फिरवून, आणि सिल्कस्क्रीनच्या सपाट रेघेवर मार्करने फुली मारली, म्हणजे पुढे कधी दुरुस्ती करणारा चित्र पाहून ‘सरळ’ बसवणार नाही.

ही सोय नशिबाने होती. हेच सर्किट छोट्या एसओटी-२३ पॅकेजमध्ये, बीसी८४७ वर असतं, तर फिरवून काही साधलं नसतं. तिथे १ बेस, २ एमिटर, ३ कलेक्टर असा क्रम आहे आणि तीन पाय त्रिकोणात. बोर्ड सरळ भंगारात.

फाइलमधली दुरुस्ती जास्त शिकवणारी होती. व्हॅल्यू परत खोडण्याऐवजी ‘चेंज सिंबॉल’ने क्यू१ ला लायब्ररीतला बीसी५४७ चाच सिंबॉल दिला, ज्याच्या पिनांना १ कलेक्टर, २ बेस, ३ एमिटर असेच नंबर आहेत. स्केमॅटिकचं चित्र जराही बदललं नाही. बाण तिथेच, तारा तिथेच. मग एफ८ दाबून बोर्ड अपडेट केला, आणि ट्रान्झिस्टरच्या टोकाच्या दोन पॅडवर डीआरसी एकदम लाल झालं. रिलेकडे जाणारा ट्रॅक आता ग्राउंडच्या पॅडला भिडत होता, ग्राउंडचा ट्रॅक रिलेच्या. त्या मुलीने दोन्ही स्क्रीन शेजारी-शेजारी ठेवून बराच वेळ पाहिलं. स्केमॅटिकमध्ये एक रेघही हलली नव्हती आणि बोर्डवर तांबं चुकीचं ठरलं होतं. नंबर काय काम करतात ते तिला सांगावं लागलं नाही.

इथे एक प्रश्न कायम निघतो. पायांचा फरक सिंबॉलमध्ये ठेवायचा की फुटप्रिंटमध्ये? काही जण पिनांना आणि पॅडना आकड्यांऐवजी ई, बी, सी अशी अक्षरं देतात. कायकॅडला ते चालतं, कारण त्याच्यासाठी नंबर म्हणजे जुळणारा मजकूर. मग सिंबॉल एकच पुरतो, पण टीओ-९२ चे फुटप्रिंट क्रमागणिक वेगळे ठेवावे लागतात. ईगल या दुसऱ्या सॉफ्टवेअरची रचना आणखी निराळी होती. तिथे सिंबॉल आणि पॅकेज यांना बांधणारी ‘डिव्हाइस’ ही तिसरी वस्तू असते आणि कोणती पिन कोणत्या पॅडला, हे तिच्यात हाताने जोडावं लागतं. मला वाटतं, फुटप्रिंट आकड्यांचाच ठेवावा. तो जागेचा नकाशा आहे, आणि डेटाशीट पायांना आकडेच देते. फरक सिंबॉलमध्ये राहिला की तो वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर राहतो. त्याहून पुढे, वर्कशॉपसाठी आम्ही ठरवलं की सामान्य सिंबॉल वापरायचाच नाही. प्रत्येक खरेदी होणाऱ्या भागासाठी सिंबॉल, फुटप्रिंट, उत्पादकाचा पूर्ण पार्ट नंबर आणि डेटाशीट अशी एक बांधलेली नोंद स्वतःच्या लायब्ररीत ठेवायची. भाग बदलायचा तर पूर्ण नोंद बदलायची, व्हॅल्यूचा रकाना हाताने खोडायचा नाही.

नोंद करताना तपासणी कशी करायची, तेही लिहून दिलं. डेटाशीटमधलं पॅकेजचं चित्र उघडायचं आणि ते वरून, समोरून की पायांच्या बाजूने काढलंय ते आधी वाचायचं. खालून काढलेलं चित्र समोरून वाचलं की डावं-उजवं पालटतं. मग प्रत्येक पायाचा आकडा, त्याचं काम, सिंबॉलची पिन आणि फुटप्रिंटवरची जागा हे चारही मोठ्याने वाचून ताडायचं. बोर्डच्या फाइलमध्ये पॅडच्या गुणधर्मांत पिनचं नाव दिसतं, त्यावर विसंबू नये. ते नाव सिंबॉलमधूनच आलेलं असतं, त्यामुळे सिंबॉल चुकला की तेही तितक्याच ठामपणे चुकतं. या खेपेत ३ नंबरच्या पॅडवर ‘सी’ असंच लिहिलेलं होतं.

त्यांच्या पुढच्या डिझाइनांत ज्या जागा धोक्याच्या होत्या त्याही याच निमित्ताने चाळल्या. ७८०५ ला १ नंबर इनपुट आणि ३ आउटपुट, तर टीओ-९२ मधल्या ७८एल०५ ला नेमकं उलटं. एलएम३१७ ला १ अ‍ॅडजस्ट, २ आउटपुट, ३ इनपुट, आणि पाठीचा पत्रा आउटपुटला जोडलेला, ग्राउंडला नाही. मॉसफेटमध्ये २एन७००० सोर्स-गेट-ड्रेन, बीएस१७० ड्रेन-गेट-सोर्स. डायोडला कायकॅडच्या लायब्ररीत १ म्हणजे कॅथोड. बाहेरून उतरवलेल्या फुटप्रिंटमध्ये ते तसंच असेल असं गृहीत धरू नये.

खरेदीच्या यादीत आता क्यू१ समोर एक जादा ओळ आहे, दुकानात उभ्या असलेल्या माणसासाठी: बीसी५४७ नसेल तर बीसी३३७ चालेल, पाय तेच. २एन३९०४ किंवा एसएस८०५० दिला तर घेऊ नये, आधी फोन करावा.